कालवणारे हात

ड्रेसिंग हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी दवाखाना उभा राहतो. कापसाचा बोळा, टिंक्चर आणि पांढरी पट्टी. सॅलडवर घालायच्या रसालाही हाच शब्द आहे, हे आपल्याकडे पोहोचायला बराच काळ जावा लागला. कारण साधे आहे. या वस्तूसाठी वेगळ्या शब्दाची आपल्याला कधी गरजच पडली नाही. कोशिंबीर आपण ‘कालवतो’. दही, दाण्याचे कूट, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. हे सारे काकडीत किंवा गाजरात मिसळले की झाली कोशिंबीर. त्यातला ओला भाग वेगळा काढावा, त्याला नाव द्यावे, बाटलीत भरावा आणि दुकानात मांडावा, असे आपल्यापैकी कुणाला सुचले नाही. अमेरिकेत ते सुचले. आणि त्या बाटलीचा इतिहास हा तिथल्या स्वयंपाकघराचाही इतिहास होऊन बसला.

हा इतिहास आठवण्याचे निमित्त म्हणजे तिथला ‘गेम डे’. सामन्याचा दिवस. अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, पहिल्यांदा १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. २०२२ पासून तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी होत आला आहे. न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तो सुरू होतो. आपल्याकडे त्या वेळी सोमवारची पहाट असते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो बारा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. खेळ नावाला साठ मिनिटांचा, पण चालतो साडेतीन-चार तास. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० साली घड्याळ लावून मोजले, तेव्हा एका सर्वसाधारण सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ जेमतेम अकरा मिनिटे भरला होता! मग उरलेले तीन तास करायचे काय? जाहिराती पाहायच्या, गप्पा मारायच्या आणि खायचे. क्रिकेटने निदान जेवणाची आणि चहाची सुट्टी नियमांत बसवली. अमेरिकी फुटबॉलमध्ये जेवण आणि खेळ एकमेकांत असे कालवलेले असतात की कोणता पदार्थ मुख्य आणि कोणते तोंडीलावणे, हे सांगणे कठीण.

त्या दिवशीच्या ताटात मानाचे पान कोंबडीच्या पंखांना. नॅशनल चिकन कौन्सिल या तिथल्या व्यापारी संघटनेने २०२४ साली सुपर बोलच्या सुमारास सुमारे १४५ कोटी पंख फस्त होतील, असा अंदाज वर्तवला होता. हा पदार्थ न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरचा. १९६४ साली तिथल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो या बाईंनी तो केला आणि तिखट पंखांसोबत जिभेला उतारा म्हणून सेलरीचे दांडे आणि ब्ल्यू चीजचे ड्रेसिंग ठेवले, असे सांगतात. इथे ड्रेसिंगची भूमिका बदलली. पानांवर शिंपडायचा रस वाटीत आला. त्यात गाजर, काकडी, पंख, पिझ्झाची कड, काय वाटेल ते बुडवून खायचे. सामना पाहताना नजर पडद्यावर आणि हात वाटीत. सॅलड राहिले बाजूला आणि ड्रेसिंगच मेजवानीचा मध्य झाले.

या वाटीतला आजचा अनभिषिक्त राजा म्हणजे रँच. त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. स्टीव्ह हेन्सन हा गृहस्थ अलास्कात नळकामाची कंत्राटे घेत असे. तिथे कामगारांना जेवू घालताना ताक, मेयोनेज, लसूण, कांदा आणि सुकवलेला पाला यांचे मिश्रण त्याने बसवले. १९५४ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच घेतली आणि तिला ‘हिडन व्हॅली’ असे नाव दिले. येणारे पाहुणे या ड्रेसिंगवर इतके खूश झाले की जाताना बरण्या भरून नेऊ लागले. मग पाहुण्यांसाठी मसाल्याच्या पुड्या आल्या. पुडी घरी न्यायची, तिच्यात आपले ताक आणि आपले मेयोनेज घालायचे. १९७२ साली क्लोरॉक्स कंपनीने हा सारा धंदा ऐंशी लाख डॉलरना विकत घेतला. कपडे पांढरे करणारे ब्लीच विकणारी ही कंपनी! १९८३ साली न उघडता फ्रिजबाहेर टिकणारी तयार बाटली आली आणि १९९२ पर्यंत रँच हे अमेरिकेतले सर्वाधिक खपाचे ड्रेसिंग झाले. मधल्या काळात, १९८६ साली, मक्याच्या चिप्सवरही ‘रँच’ची चव भुरभुरली गेली. घरातल्या ताकाची चव आता ताकाशिवायही मिळू लागली.

या प्रवासातल्या पायऱ्या नीट पाहाव्यात. आधी बरणी, मग पुडी, मग बाटली. बरणीत हात माणसाचा होता. पुडीतही निम्मा हात घरचा होता. ताक किती घालायचे, लिंबू पिळायचे की नाही, हे घरातले माणूस ठरवत होते. बाटली आली आणि ठरवण्यासारखे काही उरले नाही. झाकण उघडायचे, एवढेच काम. गंमत अशी की बाजारातल्या नामवंत बाटल्यांचा जन्म कुणाच्या ना कुणाच्या घरगुती उद्योगातच झालेला दिसतो. नट पॉल न्यूमन आणि त्याचा लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांनी १९८० च्या नाताळात तेल-व्हिनेगरचे ड्रेसिंग घरी घोळवले, वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले. १९८२ साली त्याचीच कंपनी झाली आणि तिचा नफा धर्मादाय कामांना देण्याचा पायंडा न्यूमनने पाडला. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण मूळ आनंद होता तो घोळवण्याचा आणि वाटण्याचा. तो बाटलीत भरता येत नाही.

सरकारनेही या बाटलीकडे एकेकाळी फार गांभीर्याने पाहिले. १९५० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्रेंच ड्रेसिंग कशाला म्हणावे याची व्याख्या ठरवली. वजनाने किमान ३५ टक्के तेल त्यात असलेच पाहिजे, असा दंडक होता. जानेवारी २०२२ मध्ये ही व्याख्या रद्द झाली, कारण बाजार फार पुढे गेला होता आणि कमी तेलाच्या बाटल्यांना ती अडसर ठरत होती. बहात्तर वर्षे टिकलेला नियम गेला आणि कुणाला फारसे दुःखही झाले नाही. नावाचा आणि आतल्या वस्तूचा संबंध किती पातळ होऊ शकतो, याचा हा नमुना.

बाटलीच्या पाठीवरचे बारीक अक्षर एकदा चष्मा लावून वाचावे. साधारण रँचच्या बाटलीत पहिला घटक सोयाबीनचे किंवा कॅनोलाचे तेल. मग पाणी, अंड्याचा बलक, साखर, मीठ, आणि त्यानंतर कुठे तरी ताक. पुढे दाटपणासाठी झँथन गम आणि स्टार्च, चवीसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट, टिकण्यासाठी सॉर्बिक आम्ल आणि ईडीटीए. या नावांना घाबरून जावे, असे मी म्हणणार नाही. परवानगी असलेल्या प्रमाणात ही द्रव्ये वापरली जातात आणि बाटली महिनोन् महिने टिकायची तर ती लागतातच. मुद्दा प्रमाणाचा आहे. दोन टेबलस्पून रँचमध्ये सुमारे १३० कॅलरी आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. प्रौढ माणसाने दिवसाला २३०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे तिथले आरोग्यशास्त्र सांगते. चार तासांच्या सामन्यात वाटीत हात किती वेळा जातो, हे कुणी मोजते का?

तेलाची मात्र निष्कारण बदनामी होऊ नये. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना तेच सॅलड कधी तेलविरहित, कधी तेलयुक्त ड्रेसिंगबरोबर दिले गेले. तेलाशिवाय खाल्लेल्या सॅलडमधली कॅरोटिनॉइड द्रव्ये, म्हणजे गाजर-टोमॅटोला रंग देणारी, शरीरात जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घालत आल्या. त्यांनी हा अभ्यास वाचला नव्हता. पण चवीच्या मागे लागून त्या योग्य ठिकाणी पोहोचल्या होत्या.

मग घरी करायचे म्हणजे काय करायचे? फार काही नाही. एका झाकणाच्या बरणीत एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यावा. मीठ त्यातच विरघळवावे, कारण तेलात मीठ विरघळत नाही. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, थोडी मिरपूड आणि मग तीन चमचे तेल. झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोराने हलवावे. एरवी तेल आणि पाणी यांचे कधी पटत नाही; मोहरीतला बुळबुळीत अंश दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि काही काळ त्यांना एकत्र नांदवतो. मेयोनेजमध्ये हेच काम अंड्याच्या बलकातले लेसिथिन करते. शास्त्राच्या पुस्तकात याला पायस म्हणतात. पुस्तकातला हा धडा मुलांना रटाळ वाटतो. बरणी हातात दिली की तोच धडा जादूचा प्रयोग होतो.

रँचही तितकेच सोपे. अर्धा कप मेयोनेज, अर्धा कप चक्का, आणि पातळ करण्यापुरते ताक. तिथले बटरमिल्क आपल्या ताकाहून दाट आणि आंबट असते, म्हणून आपले ताक बेताने घालावे. लसणाची एक पाकळी किसून, कांद्याची पात, कोथिंबिरीच्या जवळची पार्स्ली आणि शेपू. होय, शेपूच! रँचची ओळखीची चव बरीचशी डिलची, आणि डिल म्हणजे शेपू. शेपूची भाजी पानात पडली की नाक मुरडणारी आपली नातवंडे न्यू जर्सीत तोच शेपू वाटी चाटूनपुसून खातात, हा काळाने आजीवर उगवलेला सूड म्हणावा की आजीचा विजय, हे ज्याचे त्याने ठरवावे. हे मिश्रण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवले तर सुकलेला पाला भिजतो, लसूण उतरतो आणि चव जुळून येते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. असे ड्रेसिंग फ्रिजमध्येच ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. दुसरे कच्च्या अंड्याचे. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी बंदी घातली होती, ती उगाच नव्हे. घरी करायचे असेल तर पाश्चराइज्ड अंडे घ्यावे, नाहीतर सरळ चक्का वापरावा. ‘घरचे ते सारे निर्मळ’ ही समजूत गोड असली तरी जंतूंना ती ठाऊक नसते.

इथवर वाचून एखादी वाचक मनात म्हणाली असेल, ‘सांगणाऱ्याचे काय जाते?’ तिचे म्हणणे रास्त आहे. बाटलीची निंदा करणे सोपे असते, आणि बहुतेक वेळा ती निंदा करणारा माणूस स्वयंपाकघराबाहेर बसलेला असतो. बाटली जिंकली ती फक्त जाहिरातीच्या जोरावर नव्हे. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईची दहा मिनिटे तिने वाचवली. अमेरिकेतल्या बाईने ती दहा मिनिटे आनंदाने विकत घेतली आणि त्यात चूक काहीच नव्हते. पुडी, बाटली, मिक्सर, प्रेशर कुकर यांना नाके मुरडणाऱ्या संस्कृतिरक्षकांनी पाट्यावर एकदा चटणी वाटून पाहावी, मग बोलावे.

आपल्याकडचे आकडे काही वेगळे सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवत होत्या. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६ होते. सामन्याच्या दिवशी हे अंतर घटते की वाढते, याचे उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाहेरून ‘अगं, विकेट पडली, बघायला ये’ अशी हाक येते. ती हात पुसत दारापर्यंत येते, पुनःप्रक्षेपणातला एक चेंडू पाहते आणि कढईकडे परतते. तिने पाहिलेला सामना हा असा तुकड्यातुकड्यांचा.

२ नोव्हेंबर २०२५ हा दिवस आठवावा. रविवार होता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. सलामीला सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. विजयानंतर साऱ्या महाराष्ट्राने फटाके उडवले. त्या रात्री मुलींचा तो पराक्रम किती घरांतल्या बायकांनी पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत, खुर्चीवरून न उठता पाहिला असेल? आणि किती घरांत बायकांच्या विजयाची भजी बायकांनीच तळली असतील?

म्हणून माझे म्हणणे नेमके आहे. ड्रेसिंग घरी करावे. पण ‘घरचे’ या शब्दाचा अर्थ ‘आईने केलेले’ असाच होणार असेल, तर खुशाल बाटली आणावी. दमलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक पदार्थ चढवून मिळवलेल्या शुद्धतेत काही पुण्य नाही.

आणि इथेच या छोट्या पदार्थाची थोरवी आहे. चकली घ्या, पुरणपोळी घ्या. ते येरागबाळ्याचे काम नव्हे, हात बसायला वर्षे लागतात. ड्रेसिंगला विस्तव लागत नाही, सुरी फारशी लागत नाही, अनुभव लागत नाही. दहा वर्षांचे मूल ते करू शकते आणि पन्नास वर्षे स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला गृहस्थसुद्धा. बिघडले तर दोन चमचे जातात. आदल्या रात्री करता येते, म्हणजे सामन्याच्या वेळी कुणालाच उठावे लागत नाही. भाज्या सकाळी चिरून ठेवाव्यात, वाट्या मध्ये मांडाव्यात, ज्याने त्याने बुडवून खावे. वाढणारी आणि जेवणारे ही विभागणीच त्या दिवसापुरती मोडते. गेम डेच्या अमेरिकी ताटातून आपण घ्यावे असे काही असेल तर ते हे. तळलेले पंख नाही घेतले तरी चालतील.

परदेशातल्या मराठी घरांत हा बदल कुठे कुठे दिसू लागला आहे. माझ्या परिचयातल्या तिथल्या एका घरी सुपर बोलच्या आदल्या रात्री बरणी हलवण्याचे काम मुलाकडे, शेपू-पात चिरण्याचे बापाकडे. एका वर्षी पुण्याहून गेलेल्या आजींनी चाखून पाहिले आणि ‘यावर हिंगाची फोडणी का नाही घालत?’ असा रोखठोक प्रश्न केला. घातली. आता त्या घरचे रँच असेच होते आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. चव घराची होते ती अशी. कुणीतरी चाखते, कुणीतरी खोड काढते, कुणीतरी पुढच्या वेळी चिमूट वाढवते. बाटलीला खोड काढता येत नाही. ती कारखान्यातून शहाणी होऊन आलेली असते.

आपल्या शहरांतल्या दुकानांतही आता या बाटल्यांच्या रांगा लागल्या आहेत. अमेरिकेला बरणीपासून बाटलीपर्यंत यायला तीस वर्षे लागली. आपल्याकडे बरणीची पायरी आलीच नाही, एकदम बाटली आली. कोशिंबीर कालवणारी पिढी अजून घरात असताना तिच्या नातवंडांना काकडी बाटलीतल्या रसाशिवाय गोड लागेनाशी व्हावी, ही काही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नाही. पण त्यावर उपाय आईला आणखी राबवणे हा नव्हे. कालवण्याचे काम वाटून घेणे हा आहे. पुढच्या मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री घरातल्या ज्या हाताने आजवर फक्त रिमोट धरला, त्या हातात एक बरणी द्यावी. झाकण घट्ट लावले आहे ना, एवढे तेवढे पाहून घ्यावे.